टॉवर, राउटर आणि कानाला लावलेला फोन: रेडिओ लहरींचा घरगुती हिशोब

समोरच्या गच्चीवर मोबाइल टॉवर उभा राहिला की सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवसांत तेच ते मेसेज फिरू लागतात. कुणी कॅन्सरचा आकडा टाकतो, कुणी राउटर रात्री बंद करा म्हणतो, कुणी फोनला चिकटवायची चिप विकतो. त्या सगळ्या चर्चेत मोजमाप कुणीच केलेलं नसतं. ते कसं करायचं, आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा आणि त्यानंतर नेमकं काय बदलायचं, एवढंच इथे सांगितलं आहे.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. ‘रेडिएशन’ हा शब्द आपण एक्स-रेलाही वापरतो आणि टॉवरलाही, आणि निम्मी भीती तिथूनच येते. एक्स-रेच्या एका कणात रेणूतला बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. 1 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीच्या एका कणात ती त्याच्या लाखांश भागाइतकीही नसते, म्हणून डीएनए थेट तुटण्याचा मार्ग इथे नाही. या लहरींचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊतक तापणं. आंतरराष्ट्रीय मर्यादा त्यावरच बेतल्या आहेत. संपूर्ण शरीरात किलोमागे साधारण 4 वॅट शोषले गेले तर शरीराचं तापमान 1 अंशाच्या आसपास वाढू शकतं. त्याच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे किलोमागे 0.08 वॅटवर, सामान्य माणसासाठी रेघ ओढलेली आहे.

एकके समजल्याशिवाय मीटर हातात घेऊ नका

घबराट पसरवणारे बहुतेक व्हिडिओ एककाच्या खेळावर चालतात. लहरींची तीव्रता वॅट प्रति चौरस मीटरमध्ये सांगतात. 1 वॅट प्रति चौरस मीटर म्हणजे 1000 मिलिवॅट प्रति चौरस मीटर, म्हणजेच 100 मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर आणि 10 लाख मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर. तीव्रता एकच, पण शेवटच्या एककात लिहिली की आकडा सहा शून्यांचा होतो आणि मीटरवर ‘30,000’ दिसलं की माणूस घाबरतो. ते प्रत्यक्षात 0.03 वॅट असतात. काही मीटर व्होल्ट प्रति मीटर दाखवतात. त्या आकड्याचा वर्ग करून 377 ने भागलं की वॅट प्रति चौरस मीटर मिळतात. 1 व्होल्ट प्रति मीटर म्हणजे जेमतेम 0.0027 वॅट.

भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठीची मर्यादा तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली. 900 मेगाहर्ट्झला 0.45 वॅट प्रति चौरस मीटर, 1800 ला 0.9, आणि 2000 च्या वर 1 वॅट. हे आकडे नियमांबरोबर बदलू शकतात, म्हणून तुमच्या अहवालावर जी मर्यादा छापलेली असेल तीच धरा.

फोनवरचं ‘रेडिएशन मीटर’ ॲप डाउनलोड करून घर मोजू नका. त्यातली बहुतेक ॲप्स फोनमधल्या होकायंत्राचा, म्हणजे चुंबकीय सेन्सरचा, आकडा दाखवतात. फ्रीजजवळ नेलं की काटा उडतो, टॉवरचा त्यात काडीचाही संबंध नसतो. ऑनलाइन मिळणारे दोन-तीन हजारांचे मीटर खरोखर लहरी पकडतात, पण ते एकाच दिशेने मोजतात, क्षणिक उसळी दाखवतात आणि कोणता भाग टॉवरचा, कोणता शेजारच्या वाय-फायचा, हे सांगत नाहीत. खिडकीत जास्त की पलंगापाशी, एवढी तुलना करायला ते ठीक आहेत. भांडायला जाताना पुरावा म्हणून नेऊ नका. नियमातली मर्यादा काही मिनिटांच्या सरासरीवर असते, एका क्षणाच्या उसळीवर नसते.

पहिली पायरी: हातातला फोन

टॉवरच्या आधी फोन का? पुढचा हिशोब बघा. टॉवरच्या एका ट्रान्समीटरची ताकद 20 वॅट धरली आणि अँटेना ती एका दिशेला गोळा करते हे लक्षात घेतलं, तर मुख्य झोतात ती हजार वॅटसारखी वागते. 50 मीटरवर त्यातले उरतात 0.03 वॅट प्रति चौरस मीटर. त्यातून पूर्ण शरीरात किलोमागे अंदाजे 0.0005 वॅट शोषले जातात. उलट कानाला चिकटलेला फोन पूर्ण ताकदीवर असेल तर कानामागच्या ग्रॅमभर ऊतकात किलोमागे 1 वॅटच्या आसपास सहज जातो. एक आकडा अख्ख्या शरीराचा आणि दुसरा एका ठिपक्याचा, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरीही फरक हजारपटीच्या घरातला आहे, आणि टॉवरविरुद्ध सह्या गोळा करणारा माणूस ते काम बहुधा फोन कानाला लावूनच करत असतो.

डायल पॅडवर *#07# दाबा. बहुतेक फोनमध्ये सार (SAR) व्हॅल्यू, म्हणजे किलोभर ऊतकामागे किती वॅट शोषले जातात तो आकडा, दिसते. डोक्यासाठी एक आणि शरीरासाठी एक असे दोन आकडे असतात. भारतात मर्यादा 1 ग्रॅम ऊतकावर सरासरी किलोमागे 1.6 वॅट आहे. युरोपात 10 ग्रॅमवर 2 वॅट असल्याने परदेशातून आणलेल्या फोनच्या खोक्यावरचा आकडा आपल्या आकड्याशी थेट ताडू नका. मोजण्याची पद्धत वेगळी असली की आकडा वेगळा येतो.

पण 0.7 चा फोन 1.2 च्या फोनपेक्षा ‘सुरक्षित’ असं समजून दहा हजार जास्त मोजू नका. ही चाचणी द्रवाने भरलेल्या डोक्याच्या साच्यावर, फोन पूर्ण ताकदीवर ठेवून होते. रोजच्या वापरात फोन क्वचितच त्या ताकदीवर असतो. तो टॉवरशी बोलून आपला आवाज कमी-जास्त करत राहतो. 4जी फोनची कमाल ताकद 0.2 वॅट असते आणि चांगल्या सिग्नलमध्ये ती शंभरपटीनेही खाली येते. म्हणून कागदावरच्या सारपेक्षा तुम्ही कुठे उभे राहून बोलता याने जास्त फरक पडतो.

सिग्नल कांड्यांवरून बघू नका, डीबीएममध्ये (dBm, सिग्नलच्या ताकदीचं एकक) बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस. आयफोनवर *3001#12345#* डायल करा. 4जीवर उणे 80 म्हणजे उत्तम, उणे 95 म्हणजे चालेल, उणे 110 च्या पुढे फोनला ओरडावं लागतं. दर 10 अंकांनी सिग्नल दहापट घटतो. घरात फिरून स्वयंपाकघर, बाथरूम, बेडरूम आणि गॅलरी यांचे आकडे कागदावर लिहून काढा. बहुतेक घरांत एक कोपरा असा सापडतो की तिथे उणे 115 आहे आणि नेमकं तिथेच घरातलं माणूस तासभर गप्पा मारत बसतं.

मग बदल करायचे ते असे. लांब बोलणी सिग्नल चांगला असलेल्या खोलीत करा. घरात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. फोन मग दूरच्या टॉवरऐवजी पाच मीटरवरच्या राउटरशी बोलतो. वायरचा इअरफोन किंवा स्पीकर वापरा. फोन कानापासून 20 सेंटिमीटर गेला तरी डोक्यावर येणारा भाग एकदम घसरतो. ब्लूटूथ इअरबड स्वतःही लहरी सोडतो, पण त्याची ताकद काही मिलिवॅटचीच असते, फोनच्या कमाल ताकदीच्या कितीतरी खाली. लिफ्टमध्ये, घाटातल्या एसटीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये लांबलचक फोन टाळा. धातूच्या पेटीत आणि कमकुवत सिग्नलमध्ये फोन पूर्ण जोर लावतो, शिवाय बॅटरी तापते ते वेगळंच. फोन तापतो तो मुख्यतः बॅटरी आणि प्रोसेसरमुळे. कान गरम झाला म्हणजे लहरींनी मेंदू भाजला, असं नसतं.

सिग्नल नाही म्हणून बाजारातून बूस्टर आणून लावू नका. परवान्याशिवाय तो बेकायदा आहे आणि आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतो. मग परिसरातले फोन आणखी जोराने ओरडतात.

पेसमेकर असेल तर

इथे धोका खरा आहे आणि सहज टाळता येतो. फोन शर्टाच्या खिशात, म्हणजे नेमका पेसमेकरवर ठेवू नका. किमान 15 सेंटिमीटर अंतर ठेवा आणि पेसमेकर असलेल्या बाजूच्या विरुद्ध कानाला फोन लावा. अलीकडच्या काही फोनमध्ये आणि इअरबडच्या डबीत चुंबक असतात. त्यांचा त्रास लहरींपेक्षा मोठा, कारण चुंबकामुळे पेसमेकर तपासणीच्या मोडमध्ये जाऊ शकतो. वायरलेस चार्जिंग चालू असताना 30 सेंटिमीटर दूर राहा. आजोबांच्या सदऱ्याचा वरचा खिसा शिवून टाकणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय.

राउटर, मायक्रोवेव्ह आणि बाकीचं घर

घरगुती राउटरची ताकद साधारण 0.1 वॅट. 1 मीटरवर 0.008 वॅट प्रति चौरस मीटर, आणि तेही तो सतत बोलत असेल तर. प्रत्यक्षात तो बराच वेळ गप्पच असतो. उशाशी ठेवला असेल तर दोन मीटर लांब सरकवा. 1 मीटरच्या तुलनेत चार पट फरक फुकटात पडतो, शिवाय रात्री डोळ्यांवर दिवे लुकलुकत नाहीत. कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नका. तिथे तो तापतो, सिग्नल अडतो आणि मोबाइल, लॅपटॉप सगळे जास्त जोर लावतात. मायक्रोवेव्हचं दार वाकलं असेल, बिजागर सैल असेल किंवा काचेमागची जाळी फाटली असेल तर दुरुस्तीपर्यंत वापरू नका. दार नीट बसत असेल तर दोन पावलं मागे उभं राहणं पुरे.

दुसरी पायरी: टॉवरची भूमिती

टॉवरच्या अँटेनाचा झोत उभ्या दिशेने फार चपटा असतो, 6-7 अंशांचा, आणि किंचित खाली झुकवलेला. 30 मीटर उंचीवरच्या अँटेनाचा झोत 6 अंश खाली वळवला तर तो जमिनीला पावणेतीनशे मीटरच्या पुढे टेकतो. म्हणजे टॉवर ज्या इमारतीवर आहे तिथल्या वरच्या मजल्यावरची मंडळी झोताच्या खाली राहतात आणि मधला काँक्रीटचा स्लॅबही बराच भाग अडवतो. जास्त पोहोचतं ते समोरच्या, त्याच उंचीच्या घराला. गच्चीवर जाऊन बघा. उभे लांबट पांढरे खोके म्हणजे सेक्टर अँटेना. त्यांचं तोंड कुणीकडे आहे, समोर त्याच उंचीवर कुणाची खिडकी आहे, किती मीटरवर, हे लिहून घ्या. ढोलासारखी गोल दिसते ती मायक्रोवेव्ह डिश. ती दुसऱ्या टॉवरशी बारीक सरळ रेषेत बोलते, घरांवर लहरी ओतत नाही. लोक मात्र नेमकं तिच्याकडेच बोट दाखवतात.

दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अँटेनासमोर त्याच उंचीची इमारत असेल तर किती अंतर हवं हे दिलं होतं. 1 अँटेना असेल तर 20 मीटर, 2 असतील तर 35, 4 ना 45 आणि 6 ना 55 मीटर. हे अंतर झोताच्या दिशेने समोरचं आहे, खाली किंवा मागे लागू नाही. अँटेना दुप्पट झाल्या तरी अंतर दुप्पट का होत नाही? कारण तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते. वर घेतलेल्या हजार वॅटच्या हिशोबाने 1 अँटेना 20 मीटरवर 0.2 वॅट देते आणि 4 अँटेना 45 मीटरवर 0.16. तुमच्या खिडकीपर्यंतचं अंतर मोबाइलच्या नकाशावर मोजा, पण उंचीचा फरक विसरू नका. दोन मजल्यांचा फरक असला तर तुम्ही बहुधा झोताबाहेर असता.

5जीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे ते 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं आणि मुख्यतः 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झ आणि 700 मेगाहर्ट्झवर चालतं. त्याचे झोत वापरणाऱ्याकडे वळतात, चोवीस तास सगळीकडे पसरलेले नसतात. वारंवारता वाढते तशी लहर शरीरात कमी खोल जाते. 26 गिगाहर्ट्झला तर ती त्वचेतच, मिलिमीटरच्या आत संपते.

तिसरी पायरी: सरकारी मोजणी

दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ हे पोर्टल 2 मे 2017 ला सुरू झालं. नकाशावर आपला परिसर शोधून जवळचा टॉवर निवडला की तो नियमांत बसतो की नाही याची नोंद दिसते. ती नोंद मुख्यतः कंपनीने स्वतः दिलेल्या प्रमाणपत्रावर असते, आणि विभाग त्यातले काही टॉवर स्वतः तपासतो. समाधान होत नसेल तर पैसे भरून आपल्या घरी मोजणी मागता येते. सुरुवातीला ही फी 4000 रुपये होती. सोसायटीने मिळून भरली तर माणशी चहाच्या खर्चात होते. मुंबई हे दूरसंचाराचं वेगळं क्षेत्र आहे, गोवा महाराष्ट्राच्या क्षेत्रात येतं. त्याप्रमाणे अर्ज करा.

मोजणीच्या दिवशी हजर राहा. अधिकाऱ्यांना नेमकी तीच खिडकी आणि तोच पलंग दाखवा, फक्त गच्चीवर मोजून जाऊ देऊ नका. घरातले सगळे फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फाय बंद करा, नाहीतर तुमचाच राउटर टॉवरच्या नावावर जमा होईल. अहवालात बँडवार (वारंवारतेच्या प्रत्येक पट्ट्याचे वेगळे) आकडे आणि शेजारी मर्यादा असते. प्रत्येक बँडचा मर्यादेशी भागाकार करून सगळ्यांची बेरीज केली की एकूण गुणोत्तर मिळतं. ते 1 च्या खाली हवं. एकेक बँड मर्यादेत असूनही बेरीज 1 च्या वर जाऊ शकते. चार कंपन्या एकाच गच्चीवर असतील तर पहिल्यांदा हीच ओळ वाचा.

बेरीज 1 च्या वर आली तर तो अहवाल जोडून विभागाकडे लेखी तक्रार करा. ताकद कमी करणं, अँटेनाची उंची किंवा दिशा बदलणं, असे उपाय कंपनीला करता येतात. खाली आली तर टॉवर हटवण्याचा हट्ट धरण्याआधी एक विचार करा. जवळचा टॉवर गेला की तीनशे घरांतले फोन उणे 80 वरून उणे 110 वर जातात आणि प्रत्येक जण वाढलेली ताकद स्वतःच्या कानाला लावून घेतो.

टॉवर आपल्याच गच्चीवर असेल तर

लहरींचा सगळ्यात मोठा धोका इथे रहिवाशांना नसतो. तो असतो रंगाऱ्याला, टाकी धुणाऱ्या पोऱ्याला, डिश बसवणाऱ्याला आणि वॉटरप्रूफिंग करणाऱ्या मजुराला. अँटेनाच्या समोर दोन-तीन मीटरवर मर्यादा खरोखर ओलांडली जाते आणि हा माणूस तिथे चार-चार तास काम करतो. कमिटीने करायच्या गोष्टी: अँटेनासमोरचा भाग साखळीने किंवा पिवळ्या पट्ट्याने अडवणं, मराठीत आणि हिंदीत पाटी लावणं, गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्लीची नोंदवही ठेवणं, आणि समोर काम करायचं असेल तर कंपनीला आधी कळवून तेवढा वेळ तो सेक्टर बंद करून घेणं. करारातच हे कलम घाला. नंतर फोन उचलायला कुणी नसतं.

शिवाय डिझेल जनरेटरचा धूर आणि आवाज, बॅटऱ्यांचं वजन, स्लॅबला पाडलेल्या भोकांतून पावसाळ्यात उतरणारं पाणी, हे सगळं लहरींपेक्षा लवकर त्रास देतं. इमारत 30 वर्षांहून जुनी असेल तर मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. टॉवरचं वजन त्या हिशोबात धरलं आहे का, हे इंजिनिअरकडून लेखी घ्या.

कॅन्सरचं काय?

2011 च्या मे महिन्यात लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘2बी’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. हा गट पुराव्याच्या ताकदीचा असतो, धोक्याच्या आकाराचा नसतो. त्याच यादीत 65 अंशांहून गरम पेयं एक पायरी वर, ‘2ए’ मध्ये आहेत. सुपारी आणि तंबाखू थेट पहिल्या गटात. टॉवरविरोधी मोर्चात गुटखा चघळणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

13 देशांतल्या ‘इंटरफोन’ अभ्यासात (2010) एकूण धोका वाढलेला दिसला नाही, पण आयुष्यात 1640 तासांहून जास्त बोललेल्या गटात ग्लायोमाचं (मेंदूच्या एका प्रकारच्या गाठीचं) प्रमाण 1.4 पट निघालं. ते तास रुग्णांनी आठवून सांगितलेले होते आणि काहींनी दिवसाला बारा तासांहून जास्त बोलल्याचं सांगितलं होतं, म्हणून तो आकडा वादात राहिला. 10 ते 24 वयाच्या मुलांवरच्या 14 देशांतल्या अभ्यासात वाढ आढळली नाही. 2024 मध्ये सुमारे अडीच लाख लोकांच्या पाठपुराव्यातही जास्त बोलणाऱ्यांत मेंदूच्या गाठी वाढल्या नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या त्याच वर्षीच्या आढाव्याचा निष्कर्षही तोच होता. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेतल्या 2018 च्या प्रयोगात दोन वर्षं, दिवसाला 9 तास, अख्ख्या शरीरावर लहरी सोडलेल्या नर उंदरांत हृदयाच्या दुर्मीळ गाठी दिसल्या. मात्रा माणसांच्या मर्यादेच्या कितीतरी वर होती, आणि गंमत म्हणजे लहरी खाल्लेले नर उंदीर न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले. यातून टॉवरखाली राहणाऱ्याला घाबरायचं कारण निघत नाही. रोज तीन-चार तास फोन कानाला लावणाऱ्याने इअरफोन लावावा, एवढं मात्र नक्की निघतं. लहान मुलांना तर आधीच लावून द्यावा.

डोकेदुखी, झोप न लागणं

त्रास खरा असतो, कारण मात्र तपासावं लागतं. लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता केलेल्या प्रयोगांत लोकांना ते ओळखता आलेलं नाही. शंका असेल तर घरीच करून बघा. रोज रात्री घरातल्या दुसऱ्या माणसाने नाणं उडवून राउटरच्या सेटिंगमधून वाय-फाय चालू किंवा बंद ठेवायचं आणि वहीत लिहून वही लपवायची. राउटरची वीज चालूच ठेवा, दिव्यांवर काळी पट्टी लावा, सगळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळी तुम्ही चालू होतं की बंद ते लिहा. 20 रात्रींनी ताळा करा. निव्वळ अंदाजाने 15 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या आसपास असते. दहा-अकराच जुळले तर राउटर सोडा आणि रक्तदाब, चष्म्याचा नंबर, रात्री एकपर्यंत चालणारी स्क्रीन इकडे वळा. पहिल्याच आठवड्यात त्रास वाढत असेल तर प्रयोग थांबवून डॉक्टरकडे जा.

पैसे कुठे घालवू नयेत

फोनला चिकटवायचे स्टिकर, सोनेरी चिप, लॉकेट, उशीखालची पट्टी. ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनु आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी शेणाच्या चिपने फोनचं रेडिएशन घटतं असा दावा केला, तेव्हा वैज्ञानिकांनी पुरावा मागितला होता. खरोखर लहरी अडवणारं काही फोनला चिकटवलं तर फोन टॉवर शोधायला जास्त जोर लावेल, म्हणजे उलटाच परिणाम. अडवत नसेल तर पैसे पाण्यात. आणि डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेने ‘5जीपासून संरक्षण’ देणारी 10 उत्पादनं तपासली, तेव्हा ती स्वतःच किरणोत्सर्गी निघाली. त्यात गळ्यातली पदकं होती आणि झोपताना डोळ्यांवर लावायची पट्टीही होती. असलं काही घरात असेल तर ते अंगावरून काढून पिशवीत बंद करून ठेवा. मुलांच्या गळ्यात असेल तर आजच काढा.